चौदा जणी, तीन शहरं आणि एक वाळवंट

गेल्या भागात आपण गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोललो. आज पैशाचाच विषय आहे, पण जरा हौसेचा. आमच्या डोंबिवलीच्या गटातल्या चौदा जणी फेब्रुवारीत राजस्थानला निघाल्या आहेत. कुठला एजंट नाही, सगळं आमचं आम्ही ठरवलं. ते कसं ठरवलं हे सांगा, असं कल्याण-ठाण्याच्या बऱ्याच गटांनी विचारलं, म्हणून हे बोलणं.

आधी माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका सहल कंपनीबरोबर राजस्थानला गेले होते. सात दिवसांत सहा शहरं, असं पत्रकावर छापलेलं होतं. बाई हुरळली, पैसे भरले. प्रत्यक्षात राजस्थान पाहिलं ते बसच्या खिडकीतून. जैसलमेरला रात्री अकराला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. बरोबरच्या एका काकूंचे पाय इतके सुजले, की मेहरानगडाच्या पायथ्याशी त्या गाडीतच बसून राहिल्या. म्हणून आमच्या बैठकीत पहिला ठराव झाला तो कुठे जायचं याचा नव्हता, कुठे जायचं नाही याचा होता.

नकाशा समोर ठेवा म्हणजे कळेल. जयपूर पूर्वेला, जोधपूर मधे, जैसलमेर पार पश्चिमेला. जयपूर ते जोधपूर रेल्वेने साधारण पाच-सहा तास, जोधपूर ते जैसलमेर पुन्हा तेवढेच. ही एक सरळ रेघ आहे. बिकानेर या रेघेच्या वर राहतं, उदयपूर खाली. उदयपूर खरं तर वाळवंटात नाहीच, ते अरवलीच्या डोंगरात, तलावांच्या काठी. दोन्हींवर फुली मारताना बैठकीत बराच आरडाओरडा झाला. उदयपूरचा महाल सिनेमात पाहिलेला असतो ना! पण एक शहर वाढवलं, की एक दिवस प्रवासात आणि अर्धा दिवस सामान भरण्या-सोडण्यात जातो. उदयपूर-चित्तोड ही वेगळी सहल होईल, पुढे कधीतरी.

तर आमचा बेत असा. जयपूरला दोन रात्री, जोधपूरला दोन, जैसलमेरला दोन आणि परतताना जोधपूरला आणखी एक. जाताना जयपूरची गाडी पकडायची आणि येताना जोधपूरहून बसायचं. म्हणजे आलेल्या वाटेने पुन्हा जयपूरपर्यंत जावं लागत नाही. जैसलमेर मात्र रेघेचं टोक आहे. तिथून थेट मुंबईची गाडी रोज नसते, त्यामुळे जोधपूरपर्यंत मागे यावंच लागतं. ती जास्तीची रात्र मुद्दाम ठेवली आहे. जैसलमेरची गाडी उशिरा आली आणि मुंबईची सुटली, तर चौदा बायकांनी फलाटावर काय करायचं?

आता आपल्याकडची अडचण. राजस्थानच्या बहुतेक गाड्या पश्चिम रेल्वेच्या, आणि आपण मध्य रेल्वेवाले. पुण्याहून जयपूरला जाणाऱ्या काही गाड्या कल्याणला थांबून वसईमार्गे जातात, पण त्या रोज नसतात. रोजची म्हणजे मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी सुटणारी जयपूर सुपरफास्ट. ती बोरिवलीला थांबते म्हणून सगळ्या म्हणाल्या, बोरिवलीलाच चढू. मी म्हटलं, संध्याकाळी सहाला दादरहून विरार लोकलमध्ये बॅगा घेऊन चढून दाखवा! त्यापेक्षा दुपारी डोंबिवलीहून दादर आणि तिथून उलट दिशेने मुंबई सेंट्रल. त्या वेळी चर्चगेटकडे जाणाऱ्या गाड्यांना तेवढी गर्दी नसते. गाडी सुटायच्या ठिकाणीच बसलं, की सामान नीट लागतं. ज्यांना कोपरहून मेमूने वसई गाठायची सवय आहे, त्यांनी मेमूच्या वेळा आधी पाहाव्यात, त्या फेऱ्या मोजक्याच असतात.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे आमची तिकिटं तीन, सहा-सहा-दोन अशी. ते दोनाचं तिकीट कोणाचं असावं, हे नीट ऐका. पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच तो मिळू शकतो. सहा जणींच्या तिकिटात गुडघेदुखीवालीचं नाव घातलं आणि नशिबी वरचा बर्थ आला, तर रात्रभर डब्यात विनवण्या करत फिरावं लागतं. म्हणून आमच्या दोन मावश्यांचं तिकीट वेगळं काढायचं ठरलं आहे.

आता मुद्द्याचं, पैसे. सहलीचे पैसे गटाच्या बचतीत मिसळायचे नाहीत. गटाचा निधी कर्जासाठी आहे. उद्या एखादीच्या मुलाची फी भरायची असली आणि निधी उंटावर बसून गेलेला असला, तर गट कशाला काढला? आम्ही दुसरी वही घातली. दर महिना सातशे रुपये, अठरा महिने, म्हणजे प्रत्येकीचे बारा हजार सहाशे आणि चौदा जणींचे एक लाख शहात्तर हजार चारशे. स्लीपरचा डबा, साध्या खोल्या, एका खोलीत तिघी आणि पहिल्या दोन दिवसांचे ठेपले-दशम्या घरचे. एवढ्यात बसतं.

वही छान चालली होती. आठव्या महिन्यानंतर आमच्या एका मैत्रिणीच्या नवऱ्याचं एमआयडीसीतलं काम सुटलं. ती बैठकीत आली आणि खाली मान घालून म्हणाली, माझे पाच हजार सहाशे परत द्या. कोणी म्हणालं द्या, कोणी म्हणालं मग उद्या सगळ्याच मागतील. एकीने तर तिच्या तोंडावर सांगितलं, आधीच विचार करायचा होता. चूक तिची नव्हती. चूक माझी होती, कारण परतीचा नियम मी लिहूनच घेतला नव्हता. कर्जाचे नियम आपण तोंडपाठ म्हणतो, पण हौसेच्या पैशाला नियम लागतो हे माझ्या ध्यानातच आलं नाही. त्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत बसून इतिवृत्तात लिहिलं: तिकीट काढेपर्यंत मागेल तिला पूर्ण रक्कम परत, तिकीट काढल्यावर रेल्वे आणि हॉटेल जेवढं कापतील तेवढं वजा करून, आणि कारण विचारायचं नाही. शेवटचं कलम मी हट्टाने घातलं. तिला तिचे पैसे दुसऱ्याच दिवशी दिले. तुम्ही असं काही काढणार असाल, तर पहिला हप्ता घ्यायच्या आधी हे लिहा.

बघायचं काय, तेही थोडं सांगते. जयपूरजवळच्या आमेर किल्ल्यावर गाइड तुम्हाला शीशमहाल दाखवेल. तो बांधवून घेतला मिर्झाराजे जयसिंगाने. हो, तोच, 1665 च्या पुरंदरच्या तहातला. शाळेत आपण त्याला फक्त पुरंदरच्या पायथ्याशी भेटतो, इथे त्याचं घर दिसतं. त्याच्याच वंशातल्या सवाई जयसिंगाने 1727 मध्ये जयपूर वसवलं. चौकोनी आखणी, रुंद रस्ते, त्या काळात! सरकारी वास्तूंसाठी तिथे एकत्रित तिकीट मिळतं, ते घेतलेलं परवडतं.

जोधपूरचा मेहरानगड चढायला उभा आहे, पण आत लिफ्ट आहे. तिचं तिकीट वेगळं. त्या काकूंना तेव्हा हे कोणी सांगितलंच नाही. लोहापोळ या दरवाजाशी भिंतीवर हातांचे ठसे दिसतात, शेंदूर लावलेले, लहान लहान. सती गेलेल्या राण्यांचे ते हात. लोक नमस्कार करून पुढे जातात. मला नमस्कार करवला नाही, नुसती उभी राहिले.

परतीच्या दिवशी सकाळी खेजडलीला जाणार आहोत, जोधपूरपासून पंचवीस-सव्वीस किलोमीटर. तिथे 1730 मध्ये राजाची माणसं खेजडीची झाडं तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यासह 363 जणांनी जीव दिला. सहल कंपनीच्या यादीत हे गाव नव्हतं. खेजडीच्या शेंगा म्हणजेच सांगरी, जेवणात केर-सांगरीची भाजी मिळेल ती हीच.

जैसलमेरचा किल्ला 1156 सालचा, पिवळ्या दगडाचा, आणि आत अजून माणसं राहतात. किल्ल्यात हॉटेलं आहेत, पण तिथे उतरू नका. वाळवंटातला किल्ला तो, थोड्या पाण्यावर चालणाऱ्या वस्तीसाठी बांधलेला. आता नळाचं आणि सांडपाणी पायात मुरून बुरूज खचतात. बाहेर राहा, आत फिरायला जा. तिथल्या पटव्यांच्या हवेल्या पाहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. हे गाव उंटांच्या तांड्यांच्या व्यापारावर श्रीमंत झालं आणि ती श्रीमंती ओसरली त्याचं एक कारण म्हणजे आपली मुंबई. माल जहाजांनी मुंबई बंदरातून जायला लागला, तांडे थांबले. पुढे फाळणीत सिंधकडची वाटच बंद झाली.

सम इथली वाळू जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर. उंटाचे पैसे बसायच्या आधी ठरवा, आणि उंट उठतो तेव्हा आधी मागून उठतो, तेव्हा पुढचा दांडा घट्ट धरा. गुडघे, कंबर धरलेल्यांनी वाळूत बसून सूर्यास्त बघावा, काही बिघडत नाही. दिवसा ऊन लागतं, पण फेब्रुवारीतही रात्री थंडी पडते. आपल्याकडे स्वेटर असतोच कुठे! माहेरून, जावेकडून मागून आणा. औषधं निघण्यापासूनच्या दहा दिवसांची नव्हे, बारा दिवसांची घ्या, आणि त्यांची चिठ्ठी प्रत्येकीच्या पर्समध्ये राहू द्या.

पुढच्या आठवड्यात आमचं आरक्षण उघडतंय. सकाळी आठला गाडीचं पान उघडून बसायला दोन जणींच्या मुली तयार आहेत. नावांच्या यादीत तेरा नावं पेनाने लिहिली आहेत. पैसे परत नेलेल्या मैत्रिणीच्या नवऱ्याला दिवाळीत काम लागलं आणि तिने पुन्हा हप्ता सुरू केला आहे, पण पूर्ण रक्कम फेब्रुवारीपर्यंत व्हायची नाही. उरलेल्या पैशांचं काय करायचं ते येत्या रविवारच्या बैठकीत ठरेल. तोवर तिचं नाव चौदाव्या ओळीवर पेन्सिलीने आहे.