झाकली मूठ घरात तरी उघडा!

मुलांनो, ‘पैशाचं लहानांनी बोलू नये’ हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलंच असेल. लहानपणी मीही ऐकलं आणि खरं मानलं. पण आमच्या वाटूरकडे घडलेल्या एका प्रसंगानं माझं मत बदललं.

जून महिना होता. शाळा नुकतीच उघडली होती. वर्गातला एक मुलगा रोज म्हणायचा, “बाई, गणिताची वही घरी राहिली.” एक दिवस, दोन दिवस, चक्क आठ दिवस! मग तो शाळेतच येईना. मी घरी गेले तेव्हा कळलं, वही नव्हतीच.

“अरे, मग मागितली का नाहीस?”

तो मान खाली घालून म्हणाला, “बाबा रात्री पैसे मोजत होते. पुन्हा पुन्हा तेवढेच मोजत होते. म्हणून नाही मागितली.”

बाबा ऐकतच राहिले. “मला वाटलं, मागच्या वह्या चालतात तुला,” एवढंच ते बोलले. मुलगा बाबांना जपत होता, बाबा मुलाला जपत होते. दोघंही गप्प, आणि शाळा मात्र बुडत होती!

आता जरा हिशेब करू या. आपल्या जालना जिल्ह्यात कितीतरी घरं कापूस, सोयाबीन, तुरीवर चालतात. बियाणं आणि खत घ्यायचं जूनमध्ये. वह्या, दप्तरही जूनमध्येच! पैसा मात्र येतो सोयाबीन निघाल्यावर, दिवाळीच्या आसपास. कापसाचा, तुरीचा त्याच्याही नंतर. म्हणजे जूनमध्ये हात आखडता असणं हा बाबांचा दोष नाही. आणि वही मागणं हा मुलाचा गुन्हा नाही.

त्या संध्याकाळी आईनं जुन्या वह्या काढल्या, कोरी पानं वेगळी केली आणि सुईदोऱ्यानं शिवली. झाली की गणिताची वही! आठ दिवस अडलेलं काम बोलल्याबरोबर सुटलं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपली म्हण आहे. चारचौघांत ती ठीक आहे. पण घरातच मूठ झाकली, तर आतली काळजी वाढत जाते.

मोठ्यानं हिशेब कसा करावा, हे बचत गटाकडून शिकावं. तुमची आई, मावशी, काकू कदाचित गटात असेल. गटांना बँकांशी जोडण्याचं काम नाबार्डनं १९९२ साली सुरू केलं. साधारण १० ते २० जणी गोल करून बसतात. बचत किती जमली, कर्ज कुणाकडे, हप्ता कुणाचा राहिला, सगळं सर्वांसमोर वाचतात. हप्ता राहिला तर कारण विचारतात आणि मार्ग काढतात. मग हेच घरी का नको?

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मनाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे गेल्यावरही आपण झोप लागत नाही एवढंच सांगतो. कर्जाचा आकडा मात्र गिळतो. खरं दुखणं तिथंच असेल, तर उपाय कसा सापडणार? ‘तुमची फी किती? मला झेपेल का?’ हे विचारण्यातही लाज नाही. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ साली सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. मुलांना अडचण असेल, तर त्यांच्यासाठी १०९८ आहे.

मुलांनो, तुम्ही तीन गोष्टी करा. काही हवं असेल तर खोटं कारण न सांगता सरळ मागा. ‘आत्ता नाही’ असं उत्तर आलं, तर ‘मग कधी?’ असं शांतपणे विचारा. आणि मित्राच्या घरच्या परिस्थितीवरून त्याला कधीही चिडवू नका.

आई-बाबांनो, तुम्ही एकच करा. मुलानं विचारलं, तर ‘तुला काय करायचंय?’ म्हणू नका. ‘बस इथं, सांगतो’ असं म्हणा.

तो मुलगा आता रोज शाळेत येतो. शिवलेली वही त्यानं कधीच भरून टाकली!