रिपोर्ट चांगले, तरी अंग ठणकते



किनवट-माहूरकडच्या गुड्यांवर भेटीला गेलो की कोणी ना कोणी बहीण सांगतेच, "सगळं अंग ठणकतंय, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही." सुया घेऊन झाल्या, सलाईन झाले, एक्स-रे झाला. सगळे चांगले निघते. मग घरात कुजबुज सुरू होते : कामाचा कंटाळा, नाहीतर करणी.

यातल्या काही जणींना फायब्रोमायल्जिया असू शकतो. यात सांधे झिजत नाहीत, सूज येत नाही. बिघाड असतो तो वेदनेचा निरोप नेणाऱ्या यंत्रणेत. रेडिओचा आवाज कोणी वाढवून ठेवावा, तसा थोडा ताणही मेंदूला मोठा वाटतो. म्हणून दुखणे खरे असते, पण एक्स-रेत दिसत नाही. तीन महिन्यांहून जास्त सर्वांगदुखी, झोपूनही न जाणारा थकवा, विसरभोळेपणा या त्याच्या खुणा. पूर्वी डॉक्टर अंगावरच्या 18 जागा दाबून पाहत आणि निदानासाठी 11 दुखाव्या लागत. 2010 च्या निकषांपासून झोप व थकवाही विचारतात.

मात्र घाईने हे नाव देऊ नये. आपल्या भागात गोंड, कोलाम, परधान कुटुंबांत सिकलसेल आढळतो, आणि त्याचे दुखणेही असह्य असते. ती तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. रक्तक्षय, थायरॉईड, संधिवातही पाहावा लागतो. त्यासाठी नांदेडला विष्णुपुरीचे किंवा लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मुळापासून बरे करणारी गोळी नाही. झोप व वेदना यांसाठी डॉक्टर काही गोळ्या देतात. सलाईनने मात्र पैसेच जातात, आणि वेदनाशामक गोळ्या रोज खाल्ल्या तर मूत्रपिंडाला धोका. (शुभवर्तमानातील बारा वर्षे आजारी असलेल्या स्त्रीनेही वैद्यांपायी सारे खर्चून टाकले होते.) सर्वात जास्त उपयोग होतो तो चालण्याचा. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला हे सांगितले की ती हसते, आणि तिचे हसणे रास्तच आहे. पण वाकून केलेले काम वेगळे. रोज दहा मिनिटे सरळ चालावे, हळूहळू वाढवावे. बरे वाटते त्या दिवशी साचलेले सगळे काम उरकू नये. दुसऱ्या दिवशी अंथरूण धरावे लागते.

हे सारे तिला एकटीला सांगून भागत नाही. सासू आणि नवरा समोर बसलेले असताना सांगावे. आणि दवाखान्यात नेताना तिचे जुने कागद पिशवीत घालून बरोबर घ्यावेत, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत.