मुलगा समोर बसलेला असतो, आणि घर रडत असतं

बोरगाव : आपल्याकडे पोरगा नागपूरला नोकरीला लागला की घरी पुढचा विषय लग्नाचा. तो समलिंगी असेल तर? अशा घरांचे अनुभव मराठीत वाचायला मिळतात. बिंदुमाधव खिरे यांनी संपादित केलेल्या ‘मनाचिये गुंती’त आई-वडील, नातेवाईकच बोलतात.

असं काही वाचताना चूक कोणाची हे ठरवायची घाई करू नका. आई रडते ती बरेचदा मनात मांडून ठेवलेल्या मांडवासाठी, सुनेसाठी. ते दुःख खरंच आहे. पण पोरगा समोर जिता-जागता बसलाय, आणि त्याला वाटतं, आपल्यासाठीच सुतक पाळतायत.

जोडीदाराच्या दुःखाला तर नावच नाही. 6 सप्टेंबर 2018 च्या निकालाने गुन्ह्याचा शिक्का गेला, पण 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता दिली नाही. त्यामुळे मृत्युपत्र नसेल तर मागे राहिलेल्या जोडीदाराला वारसा नाही. बँक खात्यावर मात्र त्याला नॉमिनी करता येतं, हे केंद्राने 2024 मध्ये स्पष्ट केलं. सौंसर असो की सावनेर, कायदा एकच. तेरवीच्या पंगतीत तो ‘मित्र’ म्हणूनच बसतो, बोलावलं तर.