पक्षाघात : मेंदूच्या पेशी वाचतात त्या कशाने?

'अंगावरून वारे गेले' असे ज्याला बोलीत म्हटले जाते, तो पक्षाघात बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने होतो. काही वेळा रक्तवाहिनी फुटल्याने. रुग्णाला दाखल केल्यावर पेशी वाचवणारे एखादे औषध आहे का, अशी विचारणा नातेवाईक हमखास करतात. त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के असले, तरी एकूण प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तोच वापरतो आणि साठा मात्र काहीच करत नाही. रक्त थांबताच पेशींची ऊर्जा संपते, त्यांच्या आवरणातील आयनांचे पंप बंद पडतात, ग्लुटामेट नावाचे रसायन बाहेर सांडते आणि कॅल्शियम आत घुसून पेशीला आतून पोखरते. गुठळीच्या थेट टापूतील पेशी काही मिनिटांतच मरतात. भोवतालच्या पट्ट्यातील पेशी मात्र आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर काही तास तग धरतात. त्यांचे काम थांबलेले असते. पण त्या मेलेल्या नसतात. या पट्ट्याला डॉक्टर 'पेनम्ब्रा' म्हणतात. ग्रहणातील विरळ सावलीसाठीही हाच शब्द आहे. सगळा उपचार या पट्ट्यासाठी असतो. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

या पेशींना रसायनांनी कवच घालण्याचे प्रयत्न दीर्घकाळ सुरू आहेत. प्रयोगशाळेत तपासलेल्या अशा उपायांची संख्या २००६ मध्येच हजारावर गेली होती. उंदरांत उत्तम ठरलेली औषधे माणसांत मात्र एकामागून एक अपयशी ठरली. 'एनएक्सवाय-०५९' या औषधाने २००६ मध्ये आशा दाखवली. पुढच्याच वर्षी मोठ्या चाचणीत ती मावळली. रुग्णवाहिकेतच मॅग्नेशियम टोचण्याचा प्रयोगही २०१५ मध्ये निष्फळ ठरला. आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या सिटिकोलीनचा सुमारे २,३०० रुग्णांवरील चाचणीत (२०१२) लाभ दिसला नाही. कारणे उघड आहेत. उंदीर तरुण व निरोगी असतो आणि औषध त्याला बहुधा लगेच मिळते. माणूस साठीतला, मधुमेह-रक्तदाब घेऊन काही तासांनी पोहोचतो. शिवाय जिथे रक्तच पोहोचत नाही, तिथे औषध तरी कसे पोहोचणार?

भारतात २०२३ मध्ये सोव्हाटेल्टाइड या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. ते नेहमीच्या उपचारांच्या जोडीने द्यायचे असते आणि त्याची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी १५८ रुग्णांवरच झाली. एवढ्या आधारावर त्यावर भिस्त ठेवणे घाईचे होईल.

पेशी खऱ्या अर्थाने वाचवतो तो रक्तप्रवाहच. लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीद्वारे ओढून काढता येते, निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही. त्यापूर्वी सीटी स्कॅन अनिवार्य, कारण रक्तस्राव असल्यास हेच इंजेक्शन जीवघेणे ठरेल. घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, ते याच कारणासाठी.

त्यानंतरची राखण मात्र साध्या हातांची आहे. ऑस्ट्रेलियातील १९ पक्षाघात कक्षांत झालेल्या अभ्यासात (२०११) परिचारिकांनी ताप, रक्तातील साखर व गिळण्याची क्षमता यांवर काटेकोर लक्ष ठेवले. तीन महिन्यांनी मृत्यू पावलेल्या किंवा परावलंबी झालेल्यांचे प्रमाण तेथे ४२ टक्के होते; अशी शिस्त नसलेल्या कक्षांत ५८ टक्के. ताप व वाढलेली साखर अर्धमेल्या पेशींना मारते, तर घोट चुकला की अन्नपाणी फुप्फुसात जाते. महागड्या औषधांना जे साधले नाही, ते तापमापक आणि साखर मोजण्याच्या पट्टीने साधले. म्हणूनच रुग्णाला चमच्याने पाणी पाजण्याची घरच्यांची माया धोक्याची ठरते. रक्तदाब घाईने उतरवणेही तसेच. पेनम्ब्रातील पेशी त्याच दाबावर जगत असतात.

नाशिक जिल्ह्यात खरा अडसर अंतराचा आहे. पेठ शहरापासून पन्नासएक किलोमीटरवर आणि मध्ये घाट. मालेगाव शंभराहून अधिक किलोमीटरवर. सुरगाण्याच्या पाड्यांवरून निघताना साडेचार तासांतला मोठा वाटा रस्त्यातच जातो. त्यात अंगाला तेल चोळून सकाळची वाट पाहिली, तर उरतेच काय? राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या ८६ गावांतील अभ्यासात (२०१५) पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण आढळले आणि अशा दहापैकी जवळपास नऊ मृत्यू घरीच झाले होते.

तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. निघतानाच रुग्णालयाला फोन करून रात्री सीटी स्कॅन आणि गुठळीचे इंजेक्शन मिळते का, हे विचारावे. रुग्ण शेवटचा ठणठणीत किती वाजता दिसला, ती वेळ लिहून घ्यावी. झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर झोपायला गेल्याची वेळच धरली जाते. डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.