ओढा सुधारला, हे कशावरून?

टोकावडे परिसरातली काळू नदी माळशेजच्या डोंगरांतून येते. वालधुनी अंबरनाथजवळच्या टेकड्यांतून निघून उल्हासनगर आणि कल्याण या शहरांतून वाहते. दोघींचे पाणी अखेर उल्हासच्याच खाडीत जाते. अंबरनाथचे इ. स. १०६० चे शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. पण पुढे शहरांतून जाताना तिच्यात घरांचे सांडपाणी आणि कारखान्यांची रसायने मिसळतात आणि लोक तिला नाला म्हणू लागतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांतून विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरमधील अनेक रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले.

अशी नदी सुधारायची म्हणजे काय करायचे? गाळ काढणे, काठ बांधणे ही कामे डोळ्यांना दिसतात. पण घाण पाणी येतच राहिले, तर पाणी सुधारत नाही. सांडपाणी मध्येच अडवून, शुद्ध करून मगच सोडणे हा खरा उपाय. तो लागू पडला की नाही, हे मात्र मोजल्याशिवाय कळत नाही.

यासाठी सर्वांत उपयोगी मोजमाप आहे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना ७.६ मिलिग्रॅमच. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ खाताना जिवाणू हा प्राणवायू वापरतात. ते तीन दिवसांत किती वापरतील हे पाहण्यासाठी पाण्याची बाटली काठोकाठ भरून, बंद करून, २७ अंशांना अंधारात ठेवतात. आधीच्या आणि नंतरच्या प्राणवायूतील फरक म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू-मागणी. (पाणी फार घाण असेल तर ते आधी ठराविक प्रमाणात पातळ करावे लागते.) आपल्याकडील निकषांनुसार आंघोळीयोग्य पाण्यात दर लिटरमागे प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम आणि ही मागणी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम असावी लागते.

प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ पासून प्रचलित आहे. नमुन्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घातले की पाण्यात प्राणवायू असल्यास तपकिरी साका बसतो, नसल्यास पांढरा. हा फरक विद्यार्थ्यांना लगेच दिसतो. पुढे सल्फ्युरिक आम्ल वापरावे लागते. ते काम शिक्षकांनीच करावे.

आता आकडे वाचताना होणारी फसगत पाहू. समजा, मे महिन्यात ओढ्यातून दर सेकंदाला १०० लिटर पाणी वाहते आणि त्याची प्राणवायू-मागणी ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे दर सेकंदाला ३ ग्रॅमचा भार. जुलैत प्रवाह १००० लिटर झाला आणि घाण तेवढीच येत राहिली, तर मागणी भरते फक्त ३ मिलिग्रॅम. ओढा निकषात बसला! प्रत्यक्षात एक थेंबही सांडपाणी कमी झालेले नाही. म्हणून आकड्यासोबत प्रवाहही मोजायला हवा आणि तुलना मे महिन्याची मे महिन्याशीच करायला हवी.

खाडीजवळ दुसरी अडचण येते, ती भरतीची. खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना सुमारे ६.७ मिलिग्रॅम. शिवाय भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. म्हणून रोज सकाळी दहाला नमुना घेतला, तरी एक दिवस ओढ्याचे पाणी हाती येईल, आठवड्याने खाडीचे. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, पंचमीला पावणेचार. खाडीत आत ती आणखी उशिरा येते. नमुना नेहमी ओहोटीच्याच वेळी घ्यावा.

मग काळूचे काम काय? ओढा सुधारून कसा व्हायला हवा, याचे माप याच डोंगराळ प्रदेशातील, शहरांच्या वरचा प्रवाह देतो. टोकावडे परिसरातील शाळांनी ठराविक जागी दर महिन्याला तापमान, प्रवाह, प्राणवायू आणि दगडांखाली सापडणारे कीटक यांची नोंद ठेवली, तर ती खालच्या शहरांतील शाळांना पडताळ्यासाठी वापरता येईल. वालधुनीची अशी जुनी वही असती, तर ती केव्हा आणि कुठे बिघडू लागली हे आज नेमके सांगता आले असते.

लंडनची थेम्स नदी १९५७ मध्ये जैविकदृष्ट्या मृत मानली गेली होती. सांडपाण्याचे शुद्धीकरण वाढवल्यावर १९७४ मध्ये तिच्यात पुन्हा सामन मासा सापडला. मधली सतरा वर्षे नदीकाठी उभे राहून नुसते पाहणाऱ्याला फारसा बदल दिसला नसता. हळूहळू होणारी अशी सुधारणा वर्षानुवर्षांच्या नोंदींतूनच कळते. आपल्या ओढ्याची वही या मे महिन्यापासून सुरू करता येईल.