आरोग्यशिक्षण : उत्तरपत्रिकेतले आणि घरातले

२००९ सालच्या श्रावणातील ही गोष्ट आहे. त्या वेळी आम्ही मुख्याध्यापक झालो नव्हतो; ग्वाल्हेरच्या एका शासकीय शाळेत वर्गशिक्षक होतो. मराठीचे एम. ए. असूनही आमच्या वाट्याला पाचवीचा विज्ञानाचा तास आला होता, आणि शासकीय शाळेत यात नवल असे काही नाही. जुलाब झाले असता मीठ-साखरेचे पाणी कसे करावे, हा पाठ आम्ही मोठ्या तन्मयतेने शिकविला. पुढे चाचणीत तोच प्रश्न घातला. एका हम्मालाच्या मुलीने कृती अशी बिनचूक लिहिली की आम्ही तिला पाचपैकी पाच गुण दिले आणि तिची उत्तरपत्रिका वर्गात वाचूनही दाखविली.

त्यानंतर पंधरवडाही लोटला नसेल, तिचा दीड वर्षाचा भाऊ जुलाबांनी गेला.

आम्ही समाचाराला गेलो. मुलगी दाराशी बसलेली होती. तिची आजी आम्हांला म्हणाली, "दस्त में पानी देते तो और बहता न, मास्साब?" दोन दिवस त्या बाळाचे पाणी जवळजवळ बंद ठेवले होते. आई हलक्या आवाजात म्हणाली, "लड़की ने कहा तो था, पर बच्चों की बात कौन सुनता है।" आम्हांला काय बोलावे ते सुचेना. दहा वर्षांच्या पोरीने आजीसमोर तोंड उघडण्याचे धैर्य केले होते. कमी पडलो होतो ते आम्ही.

परतताना मनात प्रथम विचार आला तो अज्ञानाचा. अशा वेळी शिकलेल्या माणसाला हाच शब्द आधी आठवतो. पण नीट पाहिले तर आजीचा तर्क वेडगळ नव्हता. गळणाऱ्या घागरीत पाणी ओतत राहिले तर ते गळतच राहणार, हे कोणीही मान्य करील. हा तर्क चुकतो तो एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण डोळ्यांना दिसत नाही. जुलाबातही आतड्याची एक शक्ती शाबूत राहते. साखर आत शोषली जाताना ती मिठाला आपल्याबरोबर नेते, आणि मिठामागून पाणी जाते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही, नुसते मीठही नाही. दोन्हींना साखरेची सोबत लागते. बाळ दगावते ते शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. आम्ही वर्गात कृती सांगितली होती, ही 'का'ची बाजू सांगितलीच नव्हती. आणि सांगितली ती कोणाला? ज्या घरात चूल आणि औषध आजीच्या हाती, त्या घरातल्या सर्वांत धाकट्या बोलणाऱ्या माणसाला!

या पाण्याचा इतिहासही मोठा बोधप्रद आहे. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित आले, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने कहर केला. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे मिश्रण पाण्यात कालवून ते रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांत चार टक्क्यांच्या खाली आले. २०२२ साली ते निवर्तले. पुढल्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

परंतु छावणीतील भयभीत आप्त आणि आपल्या घरी निश्चिंत असलेली आजी यांत अंतर आहे. ते अंतर कसे ओलांडावे, याचा धडा बांगलादेशातील 'ब्रॅक' या संस्थेने घालून दिला. १९८० ते १९९० या दशकात तिच्या कार्यकर्त्या सव्वा कोटीच्या आसपास घरांत गेल्या आणि प्रत्येक आईकडून, तिच्याच भांड्यात, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी यांचे मिश्रण करवून घेतले. काही आठवड्यांनी दुसरे कोणी जाऊन त्या आईला काय स्मरते ते विचारीत असे, आणि शिकविणारीचे वेतन त्या उत्तरावर ठरत असे. आम्हा मास्तरांचा पगार असा ठरू लागला तर काय होईल, हा विचार येथे क्षणभर मनात आल्यावाचून राहत नाही. तरीही आरंभी पुष्कळ घरांत त्याचा प्रत्यक्ष उपयोग होईना. शोध घेता असे आढळले की कित्येक कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास बसलेला नव्हता, आणि घरातील पुरुषांना तर कोणी काही सांगितलेलेच नव्हते. त्या दोन्ही चुका सुधारल्यावर काम पुढे सरकले.

आपल्या महाराष्ट्रात हेच तत्त्व जामखेडने निराळ्या वाटेने गाठले. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. प्रथम त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. पण बाहेरून आलेली, सुशिक्षित, तरुण परिचारिका खेड्यात रमेना, आणि खेडेही तिचे ऐकेना. तेव्हा गावांनीच आपल्यातील बाया निवडून दिल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, कोणी टाकलेल्या तर कोणी विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि शिकलेले गावी नेत. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बालकांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत असत. सुमारे वीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या बायांपैकी मुक्ताबाई पोळ यांनी पुढे अमेरिकेतील एका परिषदेत डॉक्टरांना झुंबराची उपमा दिली आणि स्वतःला पणतीची. झुंबराने झुंबर पेटत नाही, पणतीने पणती पेटते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. निरक्षर बाईच्या तोंडी आलेली ही उपमा अलंकारशास्त्राच्या कोणत्याही तासाला शोभली असती.

नारूची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. या रोगावर लस नाही, किडा मारणारे औषध नाही. पायविहिरीत पाय बुडवू नये, पाणी दाट फडक्याने गाळून प्यावे, एवढेच सांगावयाचे होते. जोडीला विहिरी सुधारल्या, हातपंप बसविले. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये तेव्हा नारूग्रस्त होती. देशातील अखेरचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. मात्र हातपंपाशिवाय नुसत्या उपदेशाने हे घडले असते, असे आम्हांस वाटत नाही. नळ नालीतून जात असताना हात धुण्यावर व्याख्यान देणे ही आमच्या मते निव्वळ क्रूरता आहे.

असो. आमच्या शाळेत त्या श्रावणानंतर आम्ही आधी आज्यांना बोलावले. पहिल्या शनिवारी सहा जणी आल्या, त्यांतील दोघी आमच्याच लष्करातील मराठी घरांतल्या. जुलाबात तांदळाची पेज, पातळ ताक, डाळीचे पाणी द्यावे, हे त्या दोघींना आमच्याहून अधिक ठाऊक होते. तेथूनच आरंभ केला. तुम्ही देता ते बरोबरच आहे, त्यात हे आणखी एक पाणी घाला, एवढेच म्हटले. विरोध कोठेच झाला नाही.

मात्र मापाने आम्हांला वर्षभर छळले. लोटे कोणाचेच लिटरभर नव्हते. चमचा शीग लावून भरला की मीठ दुप्पट होई, आणि खारट पाणी बाळाला अपायकारक. कोणी लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवून दिली होती. शेवटी पाण्याच्या रिकाम्या लिटरच्या बाटल्या धुऊन ठेवल्या आणि एकाच मापाचे चहाचे चमचे आणले : सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ, एक लिटर स्वच्छ पाणी. चव डोळ्यांतील आसवांहून खारट लागली तर ओतून द्यावे. पुडी मिळत असेल तर पुडीच बरी. मात्र मोठी लिटरभर पाण्यात आणि लहान २०० मिलिलिटरमध्ये. सोबत चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या, आणि अंगावरचे दूध चालूच. बाळ पिईनासे झाले, डोळे खोल गेले, मलूल पडले किंवा शौचातून रक्त दिसले, तर घरी थांबावयाचे नाही, तडक रुग्णालय गाठावयाचे.

मुलांना आता आम्ही ही कृती लिहावयास सांगत नाही. घरी जाऊन ज्याच्या हाती स्वयंपाक आहे त्याच्याकडून एक पेला करवून घ्यावा आणि घरातील सर्वांत वडील माणसाने तो चाखून काय म्हटले ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगावे, असा गृहपाठ असतो. एकाच्या आजोबांनी "शरबत में नींबू कहाँ है?" असे विचारले होते!

तिसऱ्या वर्षी ती आजीही आली. मागे बसली, काही बोलली नाही. जाताना मात्र खूण केलेली बाटली मागून घेऊन गेली. पुढल्या पावसाळ्यात तिच्या गल्लीतल्या चौघी सुना तिच्याबरोबर शनिवारी शाळेत आल्या.

यंदाही आषाढाच्या पहिल्या शनिवारी वर्ग आहे. बाटल्या पुष्कळ जमल्या आहेत, चमचे थोडे कमी पडतात. लष्कर-मुरारच्या ज्या भगिनींना दुपारचे दोन तास मोकळे असतील, त्यांनी अवश्य यावे. हिंदी मोडकी असली तरी चालेल.