मोफत उपचाराचं बिल कुणाच्या नावावर? : भरपाईपात्र रुग्ण आणि सरकारी दवाखाना

पेटची मुलाखत झाली, गाइड मिळाले, आता विषय काय घ्यायचा, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांना पडलेला असतो. आज विषय "सुचवत" नाही. एक साधा दिसणारा प्रश्न उलगडून दाखवतो, म्हणजे प्रश्नाचं संशोधन कसं होतं ते कळेल.

प्रश्न असा. एखाद्याला कामावर किंवा रस्त्यावर इजा झाली. कायद्यानं त्याची भरपाई मालकानं किंवा विमा कंपनीनं द्यायची आहे. उपचार मात्र सरकारी दवाखान्यात झाले. मग दवाखान्यानं पैसे घ्यावेत का? आणि घ्यायचे तर कुणाकडून?

अशा रुग्णाला आपण या लेखापुरतं "भरपाईपात्र रुग्ण" म्हणू.

आधी दोन शब्द वेगळे करा

शुल्क म्हणजे दवाखाना रुग्णाकडून घेतो ते. खर्च म्हणजे उपचाराला प्रत्यक्षात लागतं ते: डॉक्टर-नर्सचा पगार, औषधं, ड्रेसिंग, ऑपरेशन थिएटर, वीज. शुल्क शून्य करता येतं, खर्च शून्य होत नाही. तो फक्त दुसऱ्या खात्यावर जातो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. परळीचं उपजिल्हा रुग्णालय यात येतं. पण गंभीर जखमी परळीत थांबत नाही, त्याला अंबाजोगाईला किंवा लातूरला पाठवतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाखाली आहे, आणि २०२३ चा निर्णय आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. म्हणजे जखम एक, रुग्ण एक, पण पंचवीस-तीस किलोमीटरवर शुल्काचा नियम बदलतो. संशोधकाच्या नजरेनं बघा, "सरकारी दवाखाना" हा एकच गट धरला तर इथंच चूक होते.

भरपाईची तीन दारं

पहिलं दार ईएसआयचं, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचं. मालक आणि कामगार दोघंही वर्गणी भरतात, आणि उपचार त्या व्यवस्थेतून होतात. खर्च कुणी द्यायचा हे आधीच ठरलेलं असतं.

दुसरं दार रस्ते अपघाताचं. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना अधिसूचित केली. अपघातापासून सात दिवस, एका जखमीला दीड लाख रुपयांपर्यंत. पैसे मोटार वाहन अपघात निधीतून दवाखान्याला मिळतात. गाडीचा विमा असेल तर त्या निधीत विमा कंपन्यांचा वाटा असतो. म्हणजे रुग्णाच्या हातात बिल न देता खर्च विम्याकडे वळवायची वाट इथं तयार आहे.

तिसरं दार आपल्या भागासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ईएसआयच्या कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि निव्वळ साखर किंवा गूळ बनवणारा कारखाना या व्याख्येत बसतो. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. साखरेच्या हंगामावर इथली हजारो घरं चालतात. ८ डिसेंबर २०१७ ला परळीजवळ पांगरीच्या वैद्यनाथ सहकारी साखर कारखान्यात गरम उसाच्या रसाची टाकी फुटली. कामगार भाजले, काहींचा जीव गेला, जखमींना लातूरला हलवावं लागलं. हंगामी उद्योगातली इजा किती गंभीर असू शकते, हे त्या दिवशी सगळ्या तालुक्यानं पाहिलं.

ईएसआय नसलेल्या कामगाराला आधार होता १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० नं घेतली. त्यामुळे जुनी प्रकरणं वाचताना अपघाताची तारीख आधी बघा. १९२३ च्या कायद्यात २००९ च्या दुरुस्तीनं कलम ४(२अ) आलं. कामावर झालेल्या इजेच्या उपचारासाठी कामगारानं प्रत्यक्ष केलेला वैद्यकीय खर्च त्याला परत मिळाला पाहिजे, असं ते कलम सांगतं. अपंगत्वाची भरपाई वेगळी, हा खर्च वेगळा.

आता "कामगारानं प्रत्यक्ष केलेला" हे शब्द पुन्हा वाचा. सगळा प्रश्न तिथंच आहे.

हिशेब मांडून बघू

आकडे काल्पनिक आहेत. समजा भाजलेल्या कामगारावर उपचाराचा खरा खर्च ६०,००० रुपये. त्याशिवाय घरच्यांचे गाडीभाडं, जेवण, बाहेरून आणलेलं मलम असे ९,००० गेले.

पद्धत एक: दवाखाना काहीच घेत नाही. ६०,००० सरकारी तिजोरीतून जातात. कामगार मालकाकडे जास्तीत जास्त ९,००० मागू शकतो, तेही पावत्या असतील तर, आणि त्यातलं भाडं-जेवण "वैद्यकीय खर्च" धरलं गेलं तर. ज्या खर्चाचा भार कायद्यानं मालकावर टाकला, तो करदात्यानं उचलला.

पद्धत दोन: दवाखाना कामगाराकडूनच शुल्क घेतो. तिजोरी वाचते, पण कामगाराला ६९,००० आधी उभे करावे लागतात. मग दावा, मग तारखा. उचल घेऊन कामाला लागलेल्या माणसाला हे म्हणजे आणखी एक कर्ज. उपचार अर्धवट सोडून घरी जायची भीती इथं सगळ्यात जास्त.

पद्धत तीन: रुग्णाला बिल नाही, दवाखाना थेट जबाबदार मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून वसूल करतो. ब्रिटनमध्ये जानेवारी २००७ पासून अशी योजना आहे. उपचार मोफतच राहतात. जखमीला भरपाई मिळाली की भरपाई देणाऱ्याकडून ठरलेल्या दरानं दवाखान्याचा खर्च वसूल होतो. रस्ते अपघातांसाठी ही सोय तिथं त्याच्याही आधीपासून होती.

माझं मत स्पष्ट सांगतो. मोफत उपचार काढून घेणं हे उत्तर होऊ शकत नाही, कारण दुसऱ्या पद्धतीत मरण कामगाराचंच आहे. पण पहिल्या पद्धतीला नुसतं "गरिबांसाठी मोफत" म्हणून सोडून देणंही बरोबर नाही. त्यात मालकाला आणि विमा कंपनीला मिळणारी सवलत लपलेली आहे, आणि ती मोजली गेली पाहिजे.

यावर आक्षेप येईल की जखमीला कुठूनही मदत मिळाली तरी जबाबदार माणसाचा बोजा कमी का व्हावा? न्यायालयांतही हा वाद झालाय. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ठरवलं, की मोटार अपघाताच्या दाव्यात वैद्यकीय खर्चाच्या भरपाईतून मेडिक्लेमची रक्कम वजा करता येणार नाही. तो पैसा जखमीनं स्वतः हप्ते भरून मिळवलेला असतो. मोफत सरकारी उपचारात हप्ता कुणी भरला? सगळ्यांनी, करातून. मग परतावाही सगळ्यांच्या तिजोरीत यायला नको का? हा युक्तिवाद तुम्ही तपासू शकता, खोडूही शकता.

याचं संशोधन कसं होईल?

नोंदी तीन ठिकाणी सापडतात. दवाखान्यातलं एमएलसी रजिस्टर, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाणारे कारखान्यांच्या अपघातांचे अहवाल, आणि भरपाईचे दावे. तिन्हींत तोच माणूस असू शकतो, पण त्याला जोडणारा समान क्रमांक नसतो. या नोंदी जोडणं हेच अर्धं काम आहे.

नमुना निवडताना सांभाळा. फक्त दाव्यांवरून नमुना घेतला तर दावा न करणारे सुटतात. फक्त परळीच्या रजिस्टरवरून घेतला तर पुढे पाठवलेल्या रुग्णाचं काय झालं ते कळत नाही, आणि गंभीर जखमी नेमके तेच असतात. खाजगीत गेलेले दोन्हीकडे दिसत नाहीत. ऊसतोड मजूर तर हंगामात दुसऱ्या जिल्ह्यात किंवा कर्नाटकात असतो, त्याची इजा तिथल्या रजिस्टरमध्ये असते.

मोजमापही आधी ठरवा. "खर्च" म्हणजे खिशातून गेलेला, दवाखान्याला आलेला, की बुडालेल्या मजुरीसह? तिन्हींची उत्तरं वेगळी येतील. रुग्णांच्या नोंदी वापरायच्या तर नैतिकता समितीची परवानगी सिनॉप्सिसच्या टप्प्यावरच मागा, नंतर धावपळ होते.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मुलाखतीला जाल तेव्हा लोक तुम्हालाच विचारतील, "साहेब, आता काय करू?" तेव्हा एवढं नक्की सांगता आलं पाहिजे: उपचार मोफत असले तरी केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, एमएलसीचा क्रमांक आणि बाहेरच्या प्रत्येक औषधाची पावती जपून ठेवा. कामावरच्या इजेच्या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, म्हणून लवकर वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणाला भेटा. बिल शून्य असलं, तरी इजा कामावर झाली हे त्याच कागदांवरून सिद्ध करावं लागतं.